आलेखाची खिडकी : जवळून पाहा, लांबूनही पाहा



अकरावीच्या मुलांनी या सत्रात संगणक कक्षात एक छोटे काम केले. पडद्यावर एक खिडकी उघडते, तिच्यात एक आलेख असतो. माउसचे चाक पुढे फिरवले की आलेख जवळ येतो, मागे फिरवले की लांब जातो. माउस दाबून एखाद्या भागाभोवती चौकट ओढली की तेवढाच भाग खिडकीभर होतो. पालकसभेत काही जणांनी विचारले की हे तर मोबाईलवर दोन बोटांनीही होते, त्यात शिकण्यासारखे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून यावेळी या पानावर तेच लिहितो.

आधी कागदावरच्या आलेखाबद्दल. आलेख कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी आपण प्रमाण ठरवतो. क्ष-अक्षावर एक सेंटीमीटर म्हणजे इतके, य-अक्षावर इतके. आरंभ शून्यापासून करायचा की मधूनच, हेही तेव्हाच ठरते. पाहणाऱ्याला रेषा दिसते, हा निर्णय दिसत नाही. एका शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत मागच्या वर्षीचा निकाल ९२ टक्के आणि यंदाचा ९६ टक्के दाखवला होता, आणि यंदाचा खांब तिप्पट उंच होता. आकडे खरेच असतील. फक्त खांब शून्याऐवजी ९० पासून उभे केले होते, म्हणून एकाची उंची दोन आणि दुसऱ्याची सहा. छापील कागदावर आपण काय करणार? पाहायचे आणि मान्य करायचे. खिडकीतल्या आलेखात मात्र ही हद्द पाहणाऱ्याला बदलता येते. माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

शब्दांची एक गंमत जाता जाता सांगतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे बिंदूचे स्थान सांगणाऱ्या दोन संख्यांना ‘निर्देशांक’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘निर्देशक’ म्हणतात आणि ‘निर्देशांक’ म्हटले की शेअर बाजार डोळ्यासमोर येतो. आपल्या इंदूरच्या घरांतून दोन्ही शब्द कानावर पडतात, म्हणून मुलांनो, कोणते पुस्तक समोर आहे ते पाहून अर्थ लावा. या लेखात मी मराठी शब्दच ठेवतो.

आलेखासाठी माहिती कोणती घ्यायची यावर बराच वेळ गेला. वर्गाची हजेरी, दहावीचे गुण वगैरे सुचवून झाले. पण जवळ जाण्याला अर्थ यावा, तर माहिती अशी हवी की लांबून एक गोष्ट दिसेल आणि जवळून दुसरी. म्हणून शेवटी हवाई बेटावरच्या मौना लोआ या पर्वतावरची नोंद निवडली. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला आरंभ केला. कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे किती, असे हे माप असते. कीलिंग २००५ साली वारले. स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेत त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी ते काम पुढे चालवले. महिन्यागणिक सरासरीची यादी कोणालाही मोफत मिळते. २०२४ अखेरपर्यंत तिच्या सुमारे ८०० ओळी होतात.

आता साधन. मुलांना पायथन येत होती, म्हणून तिच्याबरोबरच मिळणारा टीके-इंटर हा संच घेतला. विंडोजवर पायथन बसवली की तो सोबतच येतो. उबुंटूवर तो वेगळा बसवावा लागतो. त्याच्या पोटात आहे टीके नावाचा खिडक्या, बटणे, चित्रफलक बनवणारा संच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात जॉन ऊस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टिकल ही छोटी भाषा तयार केली आणि तिच्या जोडीला पुढे टीके आणले. त्याआधी पडद्यावर एक बटण उमटवायचे तर सी भाषेत पानेच्या पाने लिहावी लागत. इथे ते दोन ओळींत झाले. या कामासाठी त्यांना १९९७ चा एसीएमचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला. टिकल वापरणाऱ्यांसाठी जॉर्ज हाउलेट यांनी बीएलटी नावाची जोड केली होती. तिच्यात आलेख तयार मिळे, आणि एका आज्ञेत चौकट ओढून जवळ जाण्याची सोयही मिळे.

पायथनमध्येही मॅटप्लॉटलिब घेतले तर जवळ-लांब करण्याची बटणे आयती मिळतात. मग आपण हाताने का केले? आयते घेतले असते तर मुलांना आलेख मिळाला असता, पण त्याच्या हद्दी कुठे ठेवलेल्या असतात, कोण बदलतो, हे कळले नसते. मोठ्या कामाला आयते जरूर वापरावे. शिकताना एकदा तरी स्वतः करून पाहावे, असे माझे मत आहे.

मूळ कल्पना एवढीच, की इथे दोन जगे आहेत. एक माहितीचे : वर्षे आणि वायूचे प्रमाण. दुसरे पडद्याचे : पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके. माहितीच्या जगातला बिंदू पडद्यावर कुठे उमटेल, हे सांगणारे त्रैराशिक म्हणजे या कामाचा कणा. समजा, चित्रफलकावर आलेखाची जागा ७०० पिक्सेल रुंद आणि ४०० उंच आहे. डावीकडे ६० आणि वर २० पिक्सेलची कोर सोडली आहे. दाखवायची वर्षे १९५८ ते २०२५, म्हणजे ६७. तर १९९० साल कुठे येईल? १९५८ पासून ३२ वर्षे. ३२ भागिले ६७, गुणिले ७००, म्हणजे सुमारे ३३४. त्यात डावी कोर ६० मिळवली, की ३९४ वा पिक्सेल. उभ्या दिशेलाही तसेच, पण एक खोच आहे. वहीत आपण खालून वर मोजतो; पडद्यावर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि मोजणी वरून खाली जाते. म्हणून उभे अंतर तळातून वजा करायचे. हद्द ३१० ते ४३० असेल तर ३५० हे प्रमाण तळापासून १३३ पिक्सेल वर येते, म्हणजे ४२० वजा १३३, २८७ व्या पिक्सेलवर. वजाबाकीऐवजी बेरीज झाली की आलेख शीर्षासन करतो, आणि वायू कमी होत चालल्याचे शुभवर्तमान मिळते!

या त्रैराशिकात माहिती बदलत नाही, फलकाची मापे बदलत नाहीत. बदलू शकतात त्या चारच संख्या : डावी हद्द, उजवी हद्द, खालची हद्द, वरची हद्द. जवळ जाणे म्हणजे या हद्दी आवळणे, लांब जाणे म्हणजे त्या सैल करणे, सरकणे म्हणजे दोन्ही टोके सारखीच पुढे-मागे नेणे. मग फलकावरचे पुसायचे आणि नव्या हद्दींप्रमाणे पुन्हा काढायचे.

इथे एक आकर्षक आडवाट आहे. टीकेच्या चित्रफलकाला ‘स्केल’ नावाची आज्ञा असते. ती दिली की फलकावरच्या साऱ्या आकृत्यांचे बिंदू एका फटक्यात ताणले जातात. पुष्कळांना वाटते, झाले काम. पण ही आज्ञा फक्त बिंदू हलवते. अक्षरांचा आकार आणि रेषेची जाडी तशीच राहते. अक्षावरचे आकडेही ताणले जाऊन खिडकीबाहेर निघून जातात आणि आतली जागा आकड्यांविना उरते. आकडे नसलेला आलेख म्हणजे नुसती नागमोडी रेष. म्हणून चित्र ताणू नये, हद्द बदलावी आणि चित्र नव्याने काढावे. ८०० बिंदूंना संगणकाला त्याचा काही भार नाही. मात्र ८०० तुकडे जोडण्याऐवजी सलग बिंदूंची एकच लांब रेषा काढायला सांगावी. काम हलके होते. फक्त हद्दीतलेच बिंदू घ्यायचे असतील तर दोन्ही बाजूंचा एकेक बाहेरचा बिंदूही घ्यावा, नाहीतर रेषा काठाच्या अलीकडेच तुटते. आणि बाहेर जाणारी रेषा अक्षाच्या आकड्यांवर चढू नये म्हणून आलेखासाठी एक फलक आणि आकड्यांसाठी वेगळे फलक ठेवले. तसे केले की आलेखाची रेषा आपल्या फलकाच्या काठाशी आपोआप थांबते.

माउसने काही केले ते संगणकाला कळते कसे? खिडकीचा कार्यक्रम वरून खाली वाचत संपणारा नसतो. तो वाट पाहत बसतो. माझ्या कार्यालयाबाहेर शिपाईमामा बसतात. मी दर मिनिटाला उठून दारात कोणी आले का पाहत नाही. त्यांना सांगून ठेवले आहे, पालक आले तर आत पाठवा, टपाल आले तर टेबलावर ठेवा. टीकेत हे सांगून ठेवण्याच्या आज्ञेला ‘बाइंड’ म्हणतात. चाक फिरले तर हे कर, डावे बटण दाबले तर ते कर. चाकाबाबत मात्र प्रत्येक घरची रीत वेगळी. विंडोजवर चाकाची घटना येते आणि तिच्याबरोबर १२० च्या पटीतली संख्या, पुढे फिरवले तर धन, मागे फिरवले तर ऋण. लिनक्सवर टीकेच्या ८ या मालिकेत चाक म्हणजे माउसचे चौथे आणि पाचवे बटण समजले जात असे. टीके ९ मध्ये तिथेही चाकाचीच घटना येऊ लागली. आपल्या कक्षात दोन्ही प्रकारचे संगणक आहेत, म्हणून मुलांनी दोन्ही सूचना लिहून ठेवल्या.

चाक झपाट्याने फिरवले तर एका क्षणात दहा-बारा घटना येतात आणि प्रत्येकीला चित्र पुन्हा काढत बसले की खिडकी अडखळते. उपाय शिपाईमामांचाच : एकेक कागद सहीसाठी न आणता, गठ्ठा करून हात मोकळा झाल्यावर एकदा आणणे. ‘आफ्टर-आयडल’ या आज्ञेने पुन्हा काढण्याचे काम संगणकाला सवड मिळेपर्यंत पुढे ढकलता येते, आणि एक काम आधीच ढकललेले असेल तर दुसरे ढकलायचे नाही एवढी एक खूण ठेवायची.

आता खरी मजा. चाक फिरवल्यावर आलेख जवळ यावा, पण कुठे? मधोमध आवळला तर तुम्ही ज्या जागेवर माउस ठेवला होता ती जागाच सरकून जाते. माउसखालचा बिंदू जागचा हलता कामा नये. बाण १९९० वर आहे आणि चाकाच्या एका खाचेला हद्द ०.८ पट करायची आहे. डावीकडे ३२ वर्षे होती, ती ०.८ पट म्हणजे २५.६, उजवीकडे ३५ होती, ती २८. नवी हद्द १९६४.४ ते २०१८. आता १९९० कुठे आले ते पाहा : आधी ३२ भागिले ६७, आता २५.६ भागिले ५३.६. दोन्ही भागाकार एकच, ०.४७८. बिंदू जागीच राहिला! नववीतल्या प्रमाणाच्या धड्याचा असा उपयोग फळ्यावर दाखवता येत नाही. अशा बारा खाचा फिरवल्या की ६७ वर्षांची हद्द सुमारे ४.६ वर्षांवर येते. लांब जाताना ०.८ ने भागायचे, म्हणजे जितके आत गेलात तितकेच खाचा मोजून परत येता येते.

चौकट ओढण्याची रीत निराळी. डावे बटण दाबले ती जागा लक्षात ठेवायची, ओढत असताना तुटक रेषेची चौकट हलवत राहायची, सोडल्यावर तिचे चार काठ उलट्या त्रैराशिकाने माहितीच्या जगात नेले की नव्या चार हद्दी तयार. आधीच्या हद्दी टाकून द्यायच्या नाहीत, एकावर एक रचून ठेवायच्या, पंगतीनंतर ताटे रचतात तशा. उजवे बटण दाबले की वरचे ताट उचलायचे. म्हणजे ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने बाहेर. बीएलटीची सोयही अशाच रचलेल्या ढिगाची होती. एक काळजी घ्यावी लागते. कोणी नुसतेच टिचकी मारून सोडले तर चौकटीची रुंदी शून्य होते आणि त्रैराशिकात शून्याने भागायची वेळ येते. म्हणून पाच पिक्सेलपेक्षा लहान चौकट मानायचीच नाही.

अक्षावरचे आकडे कुठे टाकायचे हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. ६७ वर्षांत आठेक खुणा हव्या तर भागाकार ८.४ येतो, पण ८.४ वर्षांच्या अंतराने खुणा केल्या तर वाचणार कोण? नियम असा की १, २, ५ आणि त्यांच्या दहाच्या पटी, यांतले जवळचे घ्यायचे. आपल्या खिशातली नाणी-नोटा आठवा : १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५००. तीच पायरी. इथे १० घेतले. पण हद्द दोन-तीन वर्षांवर आली की हा नियम ०.५ किंवा ०.२ वर्ष सुचवतो. अर्धे वर्ष ठीक, पण ०.२ वर्ष म्हणजे कोणता महिना? तिथे मुलांनी नियम सोडून सहा, तीन आणि एक महिन्याच्या खुणा लावल्या. बरे केले.

यादीत काही महिने रिकामे आहेत. १९६४ मध्ये पैशाअभावी काही काळ मोजणी थांबली होती, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल कोरे. स्क्रिप्सच्या यादीत अशा जागी उणे ९९.९९ ही संख्या घातलेली असते, म्हणजे ‘नोंद नाही’. ती खरी धरून काढली तर रेषा शून्याच्याही खाली कोसळते. नुसती गाळली तर रेषा जानेवारीतून थेट मे महिन्यात उडी घेते आणि मधेही मोजले होते असा भास होतो. आम्ही तिथे रेषा तोडली. लांबून ती फट दिसत नाही. जवळ गेल्यावर दिसते, आणि दिसलीच पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस त्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा काही महिने जवळच्या मौना केआ पर्वतावर मोजणी झाली. तेवढ्या भागाला मुलांनी वेगळा रंग दिला आहे.

आणि आता त्या खिडकीत दिसते काय ते. पूर्ण हद्दीत एका वर्षाच्या वाट्याला साडेदहा पिक्सेल येतात, महिन्याला एक पूर्ण पिक्सेलही नाही. दिसते ती करवतीच्या दात्यांची चढती रेषा : १९५९ ची सरासरी सुमारे ३१६, २०२४ ची सुमारे ४२४.६. आत शिरा. हद्द साडेचार वर्षांवर आली की वर्षाला दीडशे पिक्सेल मिळतात, आणि प्रत्येक दाता उलगडतो. मे महिन्यापर्यंत चढण, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतार. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात जमीन आणि वने अधिक. तिथल्या उन्हाळ्यात झाडे वाढतात तेव्हा ती हवेतला वायू ओढून घेतात, पाने गळून कुजली की तो परत हवेत जातो. वर्षाकाठी सहाच्या आसपासचा हा चढउतार त्या साऱ्या रानांचा श्वास आहे म्हणा ना.

आता हद्द मे ते सप्टेंबर २०२४ एवढीच ठेवा. मे मध्ये सुमारे ४२७, सप्टेंबरमध्ये ४२२. रेषा तिरपी खाली येते! एवढाच तुकडा छापून कोणी म्हणाले की हवा सुधारते आहे, तर त्यातला एकही आकडा खोटा नसेल. वर्गात हे चित्र दाखवले तेव्हा दोन मुलींनी लगेच चाक मागे फिरवले. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच कारणाने एका मुद्द्यावर मी मुलांशी वाद घातला. त्यांना हवे होते की आत शिरताना उभी हद्द आपोआप आवळली जावी, म्हणजे रेषा नेहमी खिडकीभर दिसेल. दिसायला छान दिसते. पण मग पाच एककांचा उतार आणि शंभर एककांचा चढ दोन्ही सारखेच उंच दिसतात, आणि ही फसवणूक कोणी केलेली नसते, आपल्याच यंत्राने केलेली असते. शेवटी असे ठरले की चाकाने फक्त आडवी हद्द बदलेल. उभी बदलायची तर शिफ्टची कळ दाबून चाक फिरवायचे. ज्याला बदलायची त्याने जाणून बदलावी. शिवाय खिडकीच्या वरच्या पट्टीत चारही हद्दी सतत लिहिलेल्या दिसतील आणि होमची कळ दाबली की पूर्ण आलेख समोर येईल.

काम अजून अपुरे आहे. लॅपटॉपवर चाक नसते, तिथे अधिक-उण्याच्या कळांची सोय करायची आहे. य-अक्ष शून्यापासून दाखवणारी एक कळही हवी, असे दहावीच्या एका विद्यार्थ्याने सुचवले. ती पुढच्या महिन्यात होईल. कार्यक्रमाच्या ओळी रोमन लिपीत असल्याने इथे छापल्या नाहीत. संगणक कक्षाच्या फलकावर त्या लावल्या आहेत, दीडशेच्या आत आहेत. शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कक्ष उघडा असतो. पालकांनीही यावे, आपल्या दुकानाच्या विक्रीची किंवा घरच्या वीजबिलाची वर्षा-दोन वर्षांची यादी सोबत आणावी. तारीख एका रकान्यात आणि आकडा दुसऱ्या रकान्यात असला की पुरे, मुले ती खिडकीत घालून देतील.